बिदरी काळे

नांदेडच्या आमच्या घरी पुतण्याने नुकतीच लाकडी विमानाची एक प्रतिकृती रंगविली. तीस आरशासारखी झळाळी यावी म्हणून त्याने ती इतकी घासली की, पंखांच्या कडांवरील रंग जाऊन खालचे लाकूड उघडे पडले. त्याचा हिरमुसलेला चेहरा पाहून आम्हांस आमचाच एक जुना पराक्रम आठवला.

आमचे आजोळ उदगीरचे. तेथे एक बिदरी पानदान असे. एका दिवाळीस तांब्यापितळेची भांडी चिंच व राख लावून घासली जात असता, आम्हीही उत्साहाच्या भरात ते पानदान उजळावयास घेतले. वरचा काळा ‘मळ’ निघाला खरा. पण चांदीची वेलबुट्टी करड्या धातूत दिसेनाशी झाली. आजी रागावली नाही. ती पानदान मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्यापूर्वी, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच मोडत. तेव्हा बिदरी वस्तू आमच्या घरांत परक्या नव्हत्या. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून राजधानी बिदरास नेली. ही कला इराणी कारागिरांनी तेथे आणली, अशी परंपरा सांगतात.

जस्त पुष्कळ व तांबे थोडे अशा मिश्रणाचे भांडे मातीच्या साच्यात ओततात आणि कानशीने गुळगुळीत करतात. मग त्यावर मोरचुदाचे पाणी चोळून ते तात्पुरते काळे करतात. हेतू इतकाच की, कोरणीची रेघ डोळ्यांस स्पष्ट दिसावी. कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात व सर्व पुन्हा घासतात. या वेळी भांडे इतके फिके असते की, चांदी कोठे व जस्त कोठे हे चटकन उमगत नाही. शेवटी ते किंचित तापवून बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांचा लेप देतात. त्या मातीत शोऱ्याचा अंश असतो. त्या लेपाने मिश्रधातू काजळासारखा काळा होतो, चांदी मात्र आहे तशीच राहते. वर तेलाचा हात फिरविला की काम पुरे.

म्हणजे आम्ही ज्यास मळ समजलो, तीच त्या भांड्याची झिलई होती! पहिल्या महायुद्धातील विमानांच्या कापडी पंखांवरही एक प्रकारचे रोगण चढवीत. त्यानेच कापड ताणलेले राही व पावसापासून बचावे. वरच्या थरास केवळ शोभेची वस्तू मानणारा मनुष्य घासताना हात आवरीत नाही.

तेलाने मंदावलेले काळे पुन्हा खुलते. निघून गेलेले परत येत नाही. त्यास बिदरची माती व तेथील कारागीरच हवा. पुतण्याने पंखांस नवा रंग दिला आहे, आणि तो वाळेपर्यंत त्यास हात लावावयाचा नाही असे ठरविले आहे. आजीचे पानदान अजून आमच्या कपाटात करडेच आहे. बिदर काही फार दूर नाही. पण ते घेऊन तेथे जाण्याचे आम्हांस आजवर धैर्य झालेले नाही.