आपल्या ताटाचा इतिहास कोण लिहिणार?

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांना तोटा नाही. पुरणपोळी, साखरभात, अळूचं फतफतं, चैत्रातलं पन्हं. 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणून हेच आपल्या गळ्यात मारलं जातं. त्यात वजडी नाही, रक्ती नाही, चान्या नाहीत, हुलग्याचं माडगं नाही. गावकुसाबाहेर माणसं जेवत होती, याचा पत्ताच ह्या पुस्तकांना नाही. मराठवाड्यातल्या आपल्या चुलीवर सलग पुस्तक यायला २०१५ साल उजाडावं लागलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. नावातच सगळा हिशोब मांडलाय.

कुणी म्हणेल, हा काय विषय झाला? चळवळीत ह्याहून मोठी कामं पडलीत. दोस्तांनो, जातीची व्यवस्था माणसाच्या तोंडात काय जातं इथपर्यंत पोचली होती. ताट बघितल्याशिवाय ती पुरती कळायची नाही.

आधी भाकरीचं बघू. महाराला वतन होतं असं मोठ्या तोंडानं सांगतात. गावकी करायची, निरोप पोचवायचे, सारा भरायला माणसं बोलवायची, मेलेलं ढोर ओढायचं. मोबदला काय, तर सुगीत खळ्यावरचं बलुतं आणि येसकराच्या पाळीची भाकर. संध्याकाळी टोपलं घेऊन दारोदार फिरायचं. कुणाची ज्वारीची, कुणाची बाजरीची, कुणाची कालची. ती ओली-सुकी भाकर वाळवायची, कुटायची, आमटीत शिजवायची. ह्या भाकरीला 'हक्क' हे नाव होतं. मागून आणलेल्या तुकड्याला हक्क म्हणायला लावणं, ही त्या व्यवस्थेची खरी करामत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं, ते ह्या भाकरीच्या मुळावरच घाव घालायला. वतनं कायद्यानं जायला पुढं १९५८ चा कायदा यावा लागला.

मग वर्षभर भागायचं कसं? आषाढ-श्रावणात घरातलं धान्य सरायचं. पेवं होती ती वाड्यातल्यांची. आपल्या बाया दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या. पिकात जे तण म्हणून उपटायचं, तेच ओट्यात घालून घरी आणायचं. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, केना, तरोटा. मिरची-मिठावर परतलं, तेल असलं तर थेंबभर. मालकाच्या लेखी तण, आपल्या लेखी कालवण. आता शहरात ह्याच रानभाज्यांचे महोत्सव भरतात! सुगीत सरवा वेचायचा. थंडीत हरभऱ्याचा आंबट पाला आणि बाजरीची भाकर. उन्हाळ्यात अंबील, माडगं, कण्या. कोकणात नाचणीची भाकर, कुळथाचं पिठलं, पावसाच्या आधी भरून ठेवलेलं सुकट-बोंबील. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमचं'मध्ये निवडुंगाच्या बोंडांवर दिवस काढल्याचं लिहून ठेवलंय. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या माणसांनी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्ली, हे अजून घरोघरी सांगितलं जातं.

आणि मांस. ढोर मेलं की वाटे पडायचे. ताजं खायचं तेवढं खायचं, उरलेल्याच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. त्या चान्या. वाळलं की गाडग्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात काढायच्या. मिठात नाहीतर उन्हात मांस टिकवणं जगभरच्या लोकांना माहीत आहे. दुसरीकडं ती कला ठरते, आपल्याकडं तो विटाळ ठरला.

इथं एका प्रश्नाला सरळ भिडायला पाहिजे. १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागू नका असं सांगितलं. मग चान्यांचा इतिहास कशाला उकरायचा? आजी चान्यांच्या गोष्टी सांगायला लागली की आपल्यातलीच शिकलेली पोरं मान खाली घालतात. ह्यात घोळ होतोय. बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितलं ती सक्ती होती. ढोर ओढायची सक्ती आणि त्याबदल्यात मिळणारं मढ्याचं मांस. सवर्ण लगेच हिशोब मांडायला लागले की महारांनी मेलेली ढोरं सोडली तर कातडी, शिंगं, मांस ह्यांचं वर्षाला पाचशे रुपयांचं नुकसान होईल. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही गोष्ट सांगितली आणि त्यांना दिलेलं उत्तरही सांगितलं: मग तुम्हीच ओढा, फायदा तुम्ही घ्या, वर आणखी पाचशे मी देतो! कुणी पुढं आलं नाही. त्यांच्याच 'द अनटचेबल्स' ह्या १९४८ च्या ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता ह्यांचा संबंध इतिहास म्हणून तपासलाय. तिथं लाज नाही, चौकशी आहे. आपणही तेच करायचं.

पण ह्या त्यागाची किंमत कुणी मोजली? पुरुषांनी परिषदेत हात वर केले. घरी बाईनं गाडगं रिकामं केलं. पावसाळ्यात पोरांच्या पुढं काय वाढायचं हा प्रश्न तिच्याच पुढं उभा राहिला. गावानं बलुतं बंद केलं तरी ती मागं हटली नाही. हा सत्याग्रह तळ्यावर झाला नाही, चुलीपुढं झाला. त्याचा कुठं ठराव नाही.

आता पाहुणचार. आपल्यात पाहुणा आला की रस्सा वाढवायचा, येसर लावायचं, शेजारून पीठ आणायचं, पण त्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही. पण आपण कुणाला काय वाढावं, हेही दुसराच ठरवायचा. १९३६ च्या एप्रिलमध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्यानं आपल्याच लोकांना जेवण घातलं. पंगतीत तूप वाढलं. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावले, अन्न नासवलं, लोकांना बडवलं. गुन्हा काय? तूप! बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये हे नोंदवून ठेवलंय.

महाडला काय घडलं? पहिल्या परिषदेला चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. २० मार्च १९२७ ला आपले लोक चवदार तळ्याचं पाणी प्याले आणि मंडपात परतले. माणसं जेवत असताना गुंड आत घुसले. भांडी फोडली, अन्न मातीत मिसळलं. पाण्याइतकाच राग आपण एकत्र बसून जेवण्याचा होता. डिसेंबरच्या परिषदेला दुकानदारांनी माल द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा धान्य बाहेरून आणून चुली पेटवल्या.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे ह्यांच्या चहाच्या हॉटेलात कुणी फिरकेना. तेव्हा शाहू महाराज स्वतः थांबून तिथला चहा प्याले, बरोबरच्यांनाही पाजला. एका कपात किती राजकारण मावतं बघा. पण नुसत्या सहभोजनानं जात जात नाही, हेही बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावलंय. एका पंगतीत बसून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला जातीतच जातो.

हे सगळं जुनं झालं म्हणाल तर तसंही नाही. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये बैल-वळूही त्यात आले. काय खायचं हे सरकारनं ठरवलं. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून मारलं. मग तिथल्या लोकांनी सुरेंद्रनगरला मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीपुढं आणून टाकली. तुमची आई आहे, तुम्हीच उचला! महाडचाच धडा, एकोणनव्वद वर्षांनी.

मित्रांनो, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी गावोगाव फिरून चळवळीतल्या बायांची तोंडी साक्ष गोळा केली, तेव्हा १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' उभं राहिलं. तसंच काम चुलीचं करायचंय. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडं वही घेऊन बसा. कोणत्या महिन्यात काय शिजायचं, पाणी कुठून यायचं, मेलेलं मांस घरात यायचं कधी थांबलं, त्या साली पावसाळा कसा काढला, परिषदेला आलेल्या माणसांना काय वाढलं, विचारा. बोलीतले शब्द आहेत तसे लिहा, शुद्ध करत बसू नका. म्हातारी लाजली तर तिला सांगा, लाज वाटायची ती टोपल्यात शिळी भाकर टाकणाऱ्याला. आणि हे काम ह्या पावसाळ्याच्या आत करा. त्या बाया आता फार उरलेल्या नाहीत.