संकरित क्लाउनफिश: प्रश्न रक्ताचा की नोंदीचा?

खाऱ्या पाण्यातल्या शोभिवंत माशांच्या संकरावर पहिला आक्षेप येतो तो ‘हे निसर्गाविरुद्ध आहे’ असा. तो आधी तपासू. १९७३ साली जेराल्ड ॲलन यांनी पापुआ न्यू गिनीकडच्या एका क्लाउनफिशला, डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीवरून, अँफिप्रिऑन ल्युकोक्रॅनॉस असं नाव दिलं. स्वतंत्र जात म्हणून तो नोंदला गेला. पुढे कळलं, ही जातच नव्हे! क्रिसॉप्टेरस आणि सँडाराकिनॉस या दोन जाती तिथे एकाच समुद्रफुलात राहतात, त्यांचा हा संकर. तेव्हा तो आक्षेप आम्ही बाजूला ठेवतो.

त्याच सुमारास फ्लोरिडात मार्टिन मो व्यापारासाठी क्लाउनफिशची पैदास करू लागले. त्या काळी बाजारातले सागरी मासे प्रवाळखडकांवरूनच पकडून आणत. फिलिपीन्समध्ये तर मासा गुंगवायला सायनाइड फवारत. टाकीत पिल्लू वाढलं म्हणजे खडकावरचा एक मासा वाचला, असा साधा हिशेब. पैदाशीला नैतिक बळ मिळालं ते या हिशेबातून, हे विसरून चालणार नाही.

आता ऑसेलॅरिस आणि पर्क्युला घ्या. पहिल्याच्या पाठीवरच्या परात बहुधा ११ काटे, दुसऱ्याच्या बहुधा १०. समुद्रात दोघांचे प्रदेश बहुतांशी वेगळे. टाकीत मात्र जोडी लावायला आडकाठी कसली? २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ आला, घरोघरी हाच मासा हवासा झाला. संकराचं पिल्लू धडधाकट असतं, दिसतंही देखणं. (गोड्या पाण्यातल्या ब्लड पॅरटसारखं तोंड न मिटणारं नव्हे, तो प्रकार आम्हाला सरळसरळ क्रूर वाटतो.) पण विकताना त्याला एक झोकदार नाव मिळतं आणि आईबापांची नावं गळतात. घेणारा त्याची पुन्हा पर्क्युलाशी जोडी लावतो. दोन पिढ्यांनी काटे मोजून काही कळत नाही.

इथे आमची हरकत आहे. उद्या एखाद्या खडकावर पर्क्युला परत सोडायची वेळ आली, तर टाक्यांतले हजारो मासे असून नसल्यासारखे. त्यांच्यात पर्क्युला किती, सांगणार कोण?

ही गोष्ट आता फ्लोरिडापुरती नाही. आपल्या ऐरोलीतही क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली आहे. संकर करणाऱ्याला आम्ही अडवत नाही. विकताना पिशवीवर दोन्ही पालकांची जात लिहा, एवढंच मागतो. त्याला शाई किती लागते?