स्नेअर ड्रमचा उसना नाद

लग्नाच्या वरातीपुढें बँड चालत असतां गळ्यांत अडकवून दोन काठ्यांनीं तडतडविला जाणारा लहानसा ड्रम ज्याच्या कानीं पडला नाहीं, असा गृहस्थ आपल्याकडे क्वचितच सांपडेल. या ड्रमच्या खालच्या कातड्याला लागून तारांचा एक पट्टा ताणलेला असतो. वर काठी पडली कीं खालचें कातडें हादरतें, तारा त्यावर थरथरतात, आणि ताशाची आठवण व्हावी असा करकरीत नाद उठतो. या तारांना इंग्रजींत ‘स्नेअर’ म्हणतात. ड्रमलाही तेंच नांव मिळालें. युरोपांतील पलटणींच्या कवाइतींतून हें वाद्य नाट्यगृहांत आलें, आणि विसाव्या शतकांत अमेरिकेंतील जाझ व रॉक संगीताचा तें कणाच होऊन बसलें. चार मात्रांच्या ठेक्यांतील दुसरी व चौथी मात्रा त्याची. त्या दोन मात्रा पोकळ लागल्या तर सारें गाणें लंगडें वाटतें.

ध्वनिमुद्रिकेंत मात्र हा नाद पुष्कळदां केविलवाणा उतरतो. १९७० नंतरच्या दशकांत प्रत्येक ड्रमजवळ स्वतंत्र मायक्रोफोन ठेवून प्रत्येकाचा आवाज टेपच्या निरनिराळ्या पट्ट्यांवर घेण्याची चाल रूढ झाली. पण स्नेअरच्या शेजारीं वीतभर अंतरावर हाय-हॅट नांवाच्या झांजा असतात, आणि त्यांचा किणकिणाट स्नेअरच्या मायक्रोफोनांत शिरल्यावांचून राहत नाहीं. स्नेअर उठावदार करूं जावें तों झांजाही कर्कश होतात. शिवाय इतक्या जवळून घेतलेल्या आवाजांत खोलीची गूंज नसते. काठीचा टणत्कार ऐकूं येतो, नादाचें शरीर येत नाहीं.

यावर निघालेला तोडगा असा कीं, मूळ ठोक्यानें केवळ इशारा द्यावा आणि त्या इशाऱ्यासरशी आधीं जपून ठेवलेला दुसरा भरदार ठोका उमटावा. इशारा देणाऱ्या साधनाला ‘ट्रिगर’ म्हणतात व जपून ठेवलेल्या ठोक्याला ‘सँपल’. ट्रिगरमागील शास्त्र जुनेंच आहे. कांहीं स्फटिकांवर दाब पडला असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हें पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं पॅरिस येथें दाखविलें होतें. तोच गुण असलेली एक चकती कातड्याला चिकटविली कीं काठीच्या प्रत्येक आघाताबरोबर विजेचा एक लहानसा धक्का मिळतो. पुढचें काम यंत्राचें.

हें यंत्र घडविणाऱ्यांत रॉजर निकल्स यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. हे गृहस्थ पूर्वीं कॅलिफोर्नियांतील सॅन ओनोफ्रे येथील अणुवीजकेंद्रांत कामास होते. नंतर ‘स्टीली डॅन’ या संगीतमंडळाचे ध्वनिमुद्रक झाले. या मंडळाचे चालक डोनाल्ड फेगन व वॉल्टर बेकर यांचा काटेकोरपणा इतका कीं, स्टीव्ह गॅड, बर्नार्ड पर्डी, जेफ पॉर्कारो यांच्यासारख्या नामांकित ड्रमरांकडूनही तेंच तें पुनःपुन्हां वाजवून घेत. त्यांच्यासाठीं निकल्स यांनीं संगणकावर ‘वेंडेल’ नांवाचें यंत्र उभें केलें. खऱ्या ड्रमचा खरा ठोका त्यांत साठवावा आणि हवा त्या क्षणीं तो काढावा, अशी ती योजना होती. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गाउचो’ या संग्रहांत वेंडेलचा उपयोग झाला, आणि संग्रहाच्या खपाबद्दल मिळालेल्या प्लॅटिनम तबकड्यांपैकीं एक चक्क त्या यंत्राच्या नांवें देण्यांत आली! पुढें निकल्स यांनीं ‘वेंडेल ज्युनिअर’ हें धाकटें यंत्र काढलें. टेपवरील दुबळा स्नेअर त्यांत सोडावा व भरदार बाहेर काढावा, हेंच त्याचें काम.

त्याच १९८० सालीं रॉजर लिन यांचें एलएम-१ हें तालयंत्र बाजारांत आलें. त्यांतही खऱ्या ड्रमचेच ठोके सांठविलेले होते. पण तेथें ड्रमरची गरज उरली नाहीं. बोटानें कळ दाबली कीं झालें. ड्रमरांच्या पोटावर पाय आला तो या तालयंत्रांमुळें. ट्रिगरची गोष्ट निराळी, आणि ही दोन्ही साधनें एकाच तागडींत तोलणें अन्यायाचें आहे. ट्रिगरपुढें कोणी तरी वाजवावेंच लागतें. लय, वजन, किंचित् मागें रेंगाळण्याची लकब, हें सारें हाताचेंच राहतें. उसना असतो तो केवळ नाद.

अर्थात् उसनवारींत धोके आहेतच. पहिला वेळेचा. स्नेअरच्या नादाचें मुख्य कंपन सेकंदास दोनशेंच्या आसपास असतें. म्हणजे एका कंपनास पांच सहस्रांश सेकंद लागतात. उसना ठोका मुळापेक्षां अडीच सहस्रांश सेकंद उशिरा पडला तर एकाची लाट वर जातांना दुसऱ्याची खालीं येते, आणि दोन आवाज मिळून भरदार होण्याऐवजीं उलट पोकळ होतात. नवशिक्यांची तक्रार बहुधा येथेंच उगम पावते. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. कसलेला वादक दोन मोठ्या ठोक्यांच्या मध्यें अगदीं हलके, कुजबुजल्यासारखे ठोके पेरतो. ट्रिगर फार तिखट ठेवला तर झांजेलाही तो फसतो. मंद ठेवला तर ही कुजबुज गिळतो. आणि एकच नमुना शंभरदां उमटला तर श्रोत्यास मशिनगनची आठवण होते.

१९९१ सालीं अलेसिस कंपनीनें डी-४ हें यंत्र आणलें. त्यास बारा ट्रिगर जोडतां येत, त्यामुळें ही विद्या लहान चित्रशाळांइतक्याच लहान ध्वनिशाळांतही पोंचली. त्याच सालीं ‘निर्व्हाना’ मंडळाचा ‘नेव्हरमाइंड’ संग्रह निघाला. त्याचें अंतिम मिश्रण करतांना अँडी वॉलेस यांनीं सँपलचा उपयोग केला, पण डेव्ह ग्रोल यांचा ठोका पुसून टाकण्यासाठीं नव्हे. कृत्रिम गूंज जागविण्यासाठीं. त्या दशकाच्या अखेरीस ‘साउंडरिप्लेसर’सारखे संगणकीय कार्यक्रम आले, आणि मुद्रण झाल्यावर आठवड्यानेंही ठोका बदलणें सोपें झालें.

सोय वाढली तशी आळसाचीही वाढली. तेच विकत मिळणारे नमुने शेंकडों गाण्यांत वाजूं लागले, आणि एका वादकाचा स्नेअर दुसऱ्याच्या स्नेअरहून ओळखणें कठीण झालें. जाणत्या ध्वनिमुद्रकांची रीत यामुळेंच वेगळी आहे. दिवसाचें मुद्रण संपलें, इतर वादक वाद्यें आवरूं लागले, कीं ते ड्रमरला थांबवून घेतात. झांजा दूर सारतात, सर्वांस स्तब्ध राहण्यास सांगतात, आणि त्याच खोलींत, त्याच ड्रमवर, त्याच हातानें एकेक ठोका वाजवून घेतात. प्रथम अगदीं हलका, मग थोडा जोराचा, मग पूर्ण ताकदीचा. प्रत्येक ठोक्याची गूंज पार विरेपर्यंत टेप चालू असते.