ओसाड म्हटलेली भूमी

गेली बावीस वर्षे मी शाळेत मुलांना एक वाक्य शिकवीत आले. 'ऑस्ट्रेलियाचा शोध इ. स. १७७० मध्ये कॅप्टन कुक याने लावला.' परीक्षेत त्याची गाळलेली जागा करावयाची. मुलांनी तीत 'कुक' लिहावयाचे आणि मी लाल शाईने खूण करून एक गुण द्यावयाचा. असे किती शेकडा गुण माझ्या हातून वाटले गेले असतील कोण जाणे! त्या गुणांचा हिशेब मला कधी द्यावा लागेल असे मात्र स्वप्नातही आले नव्हते.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्याही घराच्या उंबरठ्याआतल्या. परदेश मी पाहिला तो नकाशात. परंतु धाकटा भाऊ नोकरीनिमित्त ॲडलेडला स्थायिक झाला, आणि गेल्या दिवाळीच्या सुटीत त्याने हट्टाने मला बोलावून घेतले. शहर बघून झाल्यावर एके दिवशी भावजय म्हणाली, "वन्सं, समुद्र आणि दुकानं काय, मुंबईतही आहेत. तुम्हाला वाळवंट दाखवू या." अशा रीतीने आम्ही तिघे ॲलिस स्प्रिंग्जला उतरलो आणि दहा-बारा प्रवाशांच्या एका तुकडीत सामील झालो. तीन रात्री उघड्यावर मुक्काम, सोबत एक गोरा वाटाड्या आणि वाटेत भेटणारी तिथली जुनी माणसे, असा तो बेत होता.

मोटार दिवसभर चालली. वाळवंट म्हणजे राजस्थानसारखी पिवळी वाळू अशी माझी समजूत. येथली माती तर कुंकू सांडल्यासारखी तांबडी! तीत गवताचे टोकदार झुबके आणि सुरूसारखी दिसणारी झाडे. माणूस दिसत नाही, गाव दिसत नाही. मी भावाला म्हटले, "केवढी ही ओसाड जमीन पडली आहे रे!" त्याने मान डोलावली. वाटाड्याला मराठी येत नव्हते हे माझे नशीब. कारण पुढच्या तीन दिवसांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ते माझे 'ओसाड' एकेक करून माझ्या पदरात परत घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उलुरूपाशी गेलो. सपाट रानातून एकच अखंड खडक उभा आहे. उंची ३४८ मीटर, आणि भोवती फिरायचे तर दहा किलोमीटरांहून अधिक चाल. या प्रदेशाचे मूळ रहिवासी अनंगू. त्यांच्या मुखी हे नाव पूर्वापार आहे. परंतु १८७३ च्या जुलै महिन्यात विल्यम गॉस नावाचा गोरा भूमापक येथे आला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे त्या वेळचे मुख्य सचिव हेन्री एअर्स यांचे नाव त्याने खडकाला देऊन टाकले. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जगाच्या नकाशात तो 'एअर्स रॉक' राहिला.

गॉस खडकावर चढला तेव्हा त्याच्या सोबतीला कामरान नावाचा उंटवाला होता. हे ऐकून माझे कान टवकारले. या वाळवंटात घोडा टिकत नाही, म्हणून साहेबाने उंट आणले, आणि उंटांबरोबर उंटवालेही. हे लोक अफगाणिस्तानातून, बलुचिस्तानातून, सिंध-पंजाबातून आलेले. येथे सरसकट सगळ्यांना 'अफगाण' म्हणत. तारेचे खांब, लोकर, धान्य, सारे त्यांच्या उंटांच्या पाठीवरून रानात पोहोचले. ॲडलेडहून ॲलिस स्प्रिंग्जला आणि पुढे डार्विनला जाणाऱ्या आगगाडीचे 'घान' हे नाव त्यांचीच आठवण आहे. मोटारी आल्यावर उंट मोकळे सोडून दिले; त्यांची रानटी झालेली पिलावळ आजही तेथे हिंडते. शोधाच्या इतिहासात गॉसचे नाव मोठ्या अक्षरांत आहे, कामरानचे बारीक अक्षरांत, आणि खाली उभे राहून दोघांना पाहणाऱ्या अनंगूंचे तर कोठेच नाही.

खडकाच्या कुशीत मुतित्जुलू नावाचे पाण्याचे कुंड आहे. तेथे एक वृद्ध अनंगू बाई आम्हाला भेटल्या. अंगाने किरकोळ, डोक्याला रुमाल, पायांत काही नाही. त्या आपल्या भाषेत बोलत आणि वाटाड्या इंग्रजीत सांगे. त्यांनी आम्हाला एका कपारीत झिजून गुळगुळीत झालेला सपाट दगड दाखविला. मी पाहताच ओळखला. तो पाटा होता! त्यावर गवताचे बी वाटून, पिठाच्या भाकऱ्या करून निखाऱ्यांत भाजीत. मी खाली बसून नुसता हात फिरवून दाखविला, तशा बाई खुदकन हसल्या. भाषेवाचून आमची ओळख झाली ती त्या दगडावर.

ज्या रानाला मी ओसाड म्हटले तेथे त्या बाईंना कोठारच दिसत होते. या झुडपाच्या मुळांत पांढऱ्या गुबगुबीत अळ्या असतात, त्या भाजून खातात; या झाडाच्या बुडाशी खणले की पोटात मध साठविणाऱ्या मुंग्या सापडतात; हे रानअंजीर, हे औषध, हा डिंक भाल्याचे पाते चिकटवायला. कोणत्या ऋतूत काय, कोणते पाणी किती दिवस टिकते, सारे तोंडपाठ. मला वाटले, आम्ही पुस्तकांच्या राशीत राहून एवढे शहाणपण जमविले आहे का?

त्या रात्री शेकोटीपाशी वाटाड्याने बर्क आणि विल्स यांची हकीकत सांगितली. ती घडली उलुरूपासून फार दूर, आग्नेयेकडील कूपर क्रीक या ओढ्याकाठी. पण वाळवंट तेच. १८६० च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नहून मोठ्या थाटात एक तांडा निघाला. त्यासाठी हिंदुस्थानातून उंट मागविले होते. खंड दक्षिणोत्तर ओलांडावयाचे होते. चौघे जण उत्तरेच्या समुद्रापर्यंत गेलेही. परतताना एक दगावला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी कूपर क्रीकच्या तळावर पोहोचले, तो तळ रिकामा! मागे ठेवलेली माणसे त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती.

तेथून पुढची गोष्ट मला अधिक टोचली. त्या ओढ्याकाठी यांद्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहत होते. त्यांनी या परक्यांना मासे दिले, 'नार्डू' नावाच्या पाणवनस्पतीच्या पिठाच्या भाकऱ्या दिल्या. नार्डू दिसायला आंबुशीसारखी, पण चार पानांची. बर्कने संशयाने त्यांच्या डोक्यावरून गोळी झाडली आणि आणलेले मासे झिडकारले. मग तिघे स्वतःच नार्डू कुटून खाऊ लागले. पोट भरे, पण अंगातले बळ रोज ओसरे. ती वनस्पती तिथल्या बायकांच्या रीतीने केली नाही तर शरीरातील ब-१ जीवनसत्त्व नाहीसे करते, आणि त्यामुळेच ते खंगत गेले, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. जूनच्या अखेरीस विल्स गेला, त्याच सुमारास बर्कही. तिसरा, जॉन किंग, पूर्वी हिंदुस्थानात शिपाईगिरी केलेला, त्या लोकांना शरण गेला. त्यांनी त्याला आपल्यात घेतले, खाऊ घातले, निवारा दिला. सप्टेंबरात शोधपथकाला तो जिवंत सापडला. बर्क-विल्स भरल्या घरात उपाशी मेले. कारण ते घर आहे हेच त्यांना कबूल नव्हते.

हे कबूल नसणे पुढे कायदा होऊन बसले. ही भूमी कोणाचीच नव्हती, अशा समजुतीवर इंग्रजांचा तेथील सारा हक्क उभा होता. येथे माणसाची वस्ती पन्नास हजार वर्षांहून जुनी. गोरे आले तेव्हा अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. तरी भूमी म्हणे बेवारस! ही समजूत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली ती थेट १९९२ साली, माबो खटल्यात. त्याआधी सात वर्षे, २६ ऑक्टोबर १९८५ रोजी, उलुरूची मालकी अनंगूंना कागदोपत्री परत मिळाली; आणि त्याच वेळी त्यांनी ती जागा ९९ वर्षांच्या पट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला दिली. स्वतःचे घर परत मिळताच पाहुण्यांसाठी दार उघडे ठेवणे, याला मन मोठे लागते.

पाहुण्यांना त्यांचे मागणे एकच होते : खडकावर चढू नका. ती त्यांच्या पूर्वजांची पवित्र वाट आहे. शिवाय त्या उभ्या चढणीवर तीस-पस्तीसांहून अधिक माणसे प्राणाला मुकली होती, आणि आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याला काही झाले की दुःख यजमानाला होते. लोक तरीही साखळी धरून चढत राहिले. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ रोजी चढाई कायमची बंद झाली. साखळी काढली आहे. परंतु हजारो बुटांनी घासलेला पांढरट पट्टा तांबड्या खडकावर अजून दिसतो. तेवढ्याने सारा न्याय झाला असे नव्हे. या मूळ रहिवाशांना संसदेपुढे सल्ला मांडण्याचा घटनात्मक अधिकार द्यावा काय, असे २०२३ साली मतदान झाले, तेव्हा देशाने 'नाही' म्हटले.

आमची शेवटची रात्र लक्ष्मीपूजनाची होती. कॅनव्हासच्या वळकट्या पसरून आम्ही शेकोटीभोवती पडलो होतो. भावजयीने डब्यातून चकल्या काढल्या. त्या वृद्ध बाईही त्या रात्री आल्या होत्या, त्यांनी चकली उलटसुलट पाहून चवीने खाल्ली. अमावास्येचा काळोख, तारे इतके की नजर ठरेना. रात्री उशिरा ईशान्येला कृत्तिका वर आल्या. बाईंनी बोट दाखविले आणि गोष्ट सुरू केली. त्या सात बहिणी. एक पुरुष त्यांच्या मागे लागला म्हणून त्या पळत सुटल्या. रानभर पळाल्या, जेथे थांबल्या तेथे पाणवठा, जेथे खणले तेथे खळगा. ती गाणी ज्याला येतात त्याला पाणी कोठे आहे ते ठाऊक असते. गाणे हाच नकाशा. पाठलाग करणारा आजही मृगाच्या तारकांत त्यांच्या मागून येतो.

मला राहवेना. मी सांगितले, आमच्याकडेही सप्तर्षींच्या सात पत्नी. त्यांतील अरुंधती वेगळी राहिली, उरलेल्या सहा कृत्तिका झाल्या, आणि त्यांच्याच नावाचा आमचा कार्तिक महिना उद्या लागतो आहे. बाईंनी समाधानाने मान हलविली. कादंबरीकाराची खोड म्हणून मी विचारले, "मग पुढे काय झालं?" बाई हसल्या. वाटाड्या म्हणाला, "पुढचं त्या सांगणार नाहीत. पाहुण्यांना एवढंच सांगायचं असतं. बाकीचं ज्याचं त्याला, योग्य वयात."

गोष्ट अर्धी ठेवण्याची मला सवय नाही. पण त्या रात्री मला ते खटकले नाही. मला माहीत नाही, म्हणून तेथे काही नाही असे होत नाही, ही अक्कल मला चाळिशी उलटल्यावर आली.

झोपण्यापूर्वी बाईंनी वाटाड्याकरवी मला विचारले, "तुम्ही मास्तरीण ना? तुमच्या शाळेत आमच्याविषयी काय शिकवतात?" खोटे बोलावेसे वाटले नाही. मी म्हटले, "कॅप्टन कुकने तुमच्या देशाचा शोध लावला, असं मी शिकवते." वाटाड्याने ते सांगितले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्या म्हाताऱ्या बाई मोठ्याने हसल्या. काहीतरी बोलल्या. वाटाड्याने भीतभीत भाषांतर केले, "त्या विचारतात, आम्ही हरवलो होतो का?"

सुटी संपून शाळा उघडली. सहावीच्या चाचणीचे प्रश्न काढताना हात पुन्हा त्या गाळलेल्या जागेवर आला. मी ती खोडली आणि लिहिले, 'कॅप्टन कुक १७७० साली ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला, तेव्हा तेथे कोण राहत होते?' एका मुलाने उत्तर लिहिले, 'ज्यांचे घर होते ते.' पुस्तकात असे उत्तर नाही. मी त्याला दोन गुण दिले.