पुतण्याचा फग

सप्टेंबरात सॅन दिएगोहून पुतण्याचा फोन आला. "आत्या, तू उरणात वाढलेली. शेवंडीसाठी कुठलं जाळं घेऊ? चपटं की शंकूसारखं?" त्याने यंदा कयाक घेतली आहे, म्हणजे एका माणसाची वल्ह्याची होडी. ऑक्टोबरात मोसम उघडला की रात्री तीत बसून शेवंडी धरायच्या, असा त्याचा बेत. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. शेवंड धरणे दूरच, ती ताटातही क्वचितच आली. पण कोणी प्रश्न विचारला की उत्तर शोधल्याशिवाय चैन पडत नाही, ही मास्तरकीची जुनी खोड.

त्याने जाळ्यांचे फोटो पाठवले आणि मला हसूच आले. अहो, हा तर आमचा फग! लोखंडी कडी, तिला बांधलेले जाळे, मधोमध आमिष आणि वर दोरी. लहानपणी खाडीवर मुले चिंबोऱ्यांसाठी फग सोडून बसायची. फगात चिंबोरी कोंडली जात नाही. ती खायला येते, आणि दोरी झटकन ओढली तरच हाती लागते. हळू ओढली की गेली.

तिकडे हौशी माणसाला पिंजरे लावायची परवानगी नाही. बुडी मारून हाताने धरा, नाहीतर हे कडीचे जाळे टाका. पिंजरे फक्त परवाना असलेल्या धंदेवाईक मच्छीमारांचे. मला खरा रस वाटला तो या पिंजऱ्यांच्या इतिहासात.

कॅलिफोर्नियाची शेवंड आपल्या मुंबईच्या शेवंडीच्याच गोत्रातली, नांग्या नसलेली, लांब काटेरी मिशांची. 1949-50 च्या मोसमात धंदेवाल्यांनी 10 लाख पौंडांहून जास्त शेवंड काढली. पुढची पंचवीस वर्षे आकडा घसरतच गेला आणि 1974-75 मध्ये 1 लाख 52 हजार पौंडांवर आला. लहान शेवंड धरू नये हा नियम कागदावर होताच. पण पिंजऱ्यात शिरलेली लहान शेवंड बाहेर पडणार कशी? वर आली की काही जण टाकत परत, काही जण नसतील टाकत. मग 1976 मध्ये सक्ती झाली की प्रत्येक पिंजऱ्याला एक आडवी खिडकी हवी, सव्वादोन इंचांहून किंचित उंच आणि साडेअकरा इंच लांब. लहान असेल ती आपली आपण निघून जाईल, मोठी राहील. त्यानंतर आकडे पुन्हा चढू लागले. एवढ्याशा फटीचे हे काम! वर्गात क्रांत्या शिकवताना असली खिडकी मला एकदाही आठवली नाही, कारण ती कुठल्याच पुस्तकात नव्हती.

हौशी लोकांच्या जाळ्याची गोष्ट अलीकडची. पूर्वी ते चपटेच असे, तळाशी पसरून पडणारे. 2006 च्या सुमारास ताठ कड्यांचे, शंकूसारखे उभे राहणारे जाळे आले. चपट्यात शेवंड शेपटीचा एक झटका देऊन मागच्या मागे पसार होते. शंकूत तिला भिंत आडवी येते. सरकारी खात्याने दोन्ही ताडून पाहिली, तर शंकूत जास्त सापडतात असे निघाले. बुडी न येणारी माणसेही मग मोठ्या संख्येने या छंदात आली. 2008 पासून प्रत्येकाला आपली पकड कार्डावर लिहून द्यावी लागते. माणशी 5 जाळी, दिवसाला 7 शेवंडी, आणि पाठीचे कवच सव्वातीन इंच भरले तरच ठेवायची.

आता कयाक. तीत माणूस पाण्याच्या अगदी लगत बसतो. जोरात दोरी ओढायला उभे राहता येत नाही. होडी वाहत जाते, म्हणून दोरी सरळ न येता तिरकी येते. अशा वेळी चपटे जाळे कलंडते आणि सगळे निसटते. चपट्याचा फायदा एवढाच की पाच जाळी थाळ्यांसारखी एकावर एक ठेवता येतात. मी सांगितले, "शंकूचीच घे, पण दोनच घे. पाच घेतलीस तर तुला बसायला जागा उरणार नाही."

तो म्हणाला, "पण आत्या, जास्त सापडतात तेच घे म्हणतेस? तुला तर वाईट वाटायला हवं!"

वाटले खरे, पण जाळ्यामुळे नव्हे. मला मुंबई आठवली. आपल्याकडे शेवंडीची एक चपटी चुलत बहीण होती, सँड लॉब्स्टर. निर्यातीला तिची मागणी वाढली. ट्रॉलरची जाळी समुद्राचा तळ खरवडत गेली आणि पोटाला अंडी चिकटलेल्या माद्याही त्यांत आल्या. 1994 पर्यंत मुंबईच्या बंदरांवर ती जवळजवळ दिसेनाशी झाली. 2003 मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली, सँड लॉब्स्टरला 150 ग्रॅम, मुंबईच्या शेवंडीला 300 ग्रॅम. पण हा तराजू बंदराच्या पलीकडचा. खिडकी होती समुद्राच्या तळाशी. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला.

असो. पुतण्याने दोन शंकू घेतले आणि मापाची पट्टी गळ्यात दोरीने बांधून घेतली. पहिल्या रात्री चार सापडल्या. तीन पट्टीत बसेनात, म्हणून तिथल्या तिथे सोडल्या. चौथी मोजताना कयाक हिंदकळली आणि ती शेपटी मारून गेली. त्या मापाच्या होत्या का, मी विचारले. "ती होती गं," म्हणाला. आवाज अगदी पडलेला होता.