पुस्तकांची लोखंडी मांडणी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील बहुतेक ग्रंथालयांत पुस्तके भिंतीलगतच्या लाकडी कपाटांत ठेवली जात, आणि छापील ग्रंथांची संख्या वाढू लागली तशी भिंत अपुरी पडू लागली. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये अँटोनियो पानिझी यांच्या कल्पनेतून व सिडनी स्मर्क यांच्या आराखड्यावरून 1857 मध्ये गोल वाचनकक्ष खुला झाला, तेव्हा त्याच्या सभोवती लोखंडी मांडण्या उभारण्यात आल्या. जागेची टंचाई आणि आगीची धास्ती या दोहोंवरचा तो तोडगा होता. ग्रंथदालनात उघडा दिवा नेणे धोक्याचे असल्याने मजल्यांची जमीन जाळीदार लोखंडाची ठेवली होती, जेणेकरून छताच्या काचेतून येणारा उजेड तळापर्यंत झिरपावा. 1897 मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची इमारत खुली झाली, तेव्हा बर्नार्ड ग्रीन यांच्या योजनेप्रमाणे स्नेड कंपनीने घडवलेली तिथली मांडणी नऊ मजल्यांची होती आणि तिचे खांबच वरच्या मजल्यांचा भार पेलत होते. म्हणजे फर्निचर आणि इमारत यांतला भेदच तिथे पुसला गेला होता. फळ्या मात्र पुस्तकांच्या उंचीप्रमाणे वरखाली सरकवता येत, आणि ग्रंथपालांच्या दृष्टीने महत्त्वाची सोय हीच होती.

या मांडण्यांत वेल्डिंग, म्हणजे धातूच्या कडा वितळवून एकजीव करणे, नव्हते. ओतीव लोखंडात कार्बन जास्त असल्याने ते ठिसूळ असते आणि जोडकामाच्या उष्णतेने सहज तडकते, त्यामुळे त्याचे भाग नटबोल्टनेच जुळवावे लागत. 1880 च्या दशकात रशियात निकोलाय बेनार्दोस यांनी कार्बनच्या कांडीतून विजेची ठिणगी पाडून धातू जोडला, 1888 मध्ये निकोलाय स्लाव्यानोव यांनी धातूचीच कांडी वितळवली, आणि पुढे स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी कांडीवर लेप चढवून वितळलेल्या धातूचा हवेपासून बचाव केला. कमी कार्बनचे लाटलेले पोलाद तोवर मुबलक झाले होते. त्याचे अँगल, पट्ट्या आणि पुढे चौकोनी पाइप हेच छोट्या फॅब्रिकेशनच्या दुकानाचे भांडवल ठरले.

मुंबईत 1897 मध्ये कुलुपांपासून सुरुवात करणाऱ्या गोदरेजने 1923 मध्ये पोलादी कपाट बाजारात आणले आणि मध्यमवर्गीय घरांत लोखंडाला दिवाणखान्यापर्यंत प्रवेश मिळाला. तरी ते पत्र्याचे बंद कपाट होते. पुस्तकांची उघडी मांडणी घरी बनवायची तर कारागिराला भाराचा हिशेब करावा लागतो, कारण पुस्तकांनी भरलेल्या मीटरभर फळीवर साधारण 30 ते 40 किलो वजन पडते. तो आधी चारही कोपऱ्यांत ठिपक्याएवढे टाके मारतो, गुण्या लावून काटकोन तपासतो, दोन्ही कर्ण मोजून ते सारखे असल्याची खात्री करतो आणि मगच सांधा पूर्ण भरतो. निवताना सांधा आकसतो व घाईने भरलेली चौकट पिळून निघते. सांध्यावरचा मळ ठोकून काढल्यावर रेड ऑक्साइडचा हात दिला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

या तंत्राने भक्कमपणा दिला, पण स्नेडच्या मांडणीतली सरकती फळी त्याने गमावली, हे मान्य करावे लागते. त्यामुळे घरच्या मांडणीला पहिला टाका मारण्यापूर्वी संग्रहातल्या सर्वांत उंच ग्रंथाचे माप घ्यावे.