15 बाइटांचं अकोला

अकोला हे नाव रोमन लिपीत लिहा. अक्षरं पाच, वजन 5 बाइट. तेच देवनागरीत लिहा: अ, क, ओकार, ल, काना. चिन्हं इथेही पाचच, पण वजन 15 बाइट. वऱ्हाड लिहिलं तर 18.

हा हिशेब पुढे करून ‘मराठी साइटी जडच असतात’ असं आमच्या धंद्यातले लोक सहज बोलून जातात. मी अकोल्याचा आणि माझं कामच वेबपानं लवकर उघडवायचं, त्यामुळे हा आरोप तपासल्याशिवाय मला सोडवेना. आमच्याकडे कापसाची गाडी काट्यावर दोनदा चढते, आधी भरलेली आणि मग रिकामी. फरक निघेल तो कापूस. मराठी पानही तसंच मोजायला हवं.

1991च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एका बाइटात बसत होतं, म्हणजे तिथे अकोलाही 5 बाइटांचंच होतं. पुढच्याच वर्षी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-8 मांडलं. जगातल्या सगळ्या लिप्या त्यात बसवायच्या होत्या आणि जुना इंग्रजी मजकूर जसाच्या तसा चालायला हवा होता. त्यामुळे इंग्रजीचं अक्षर एका बाइटावर राहिलं आणि आपल्या वाट्याला तीन आले.

भारतात 15 ऑगस्ट 1995ला लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं, पण सुरुवातीच्या मराठी साइटींनी यातलं काहीच फारसं वापरलं नाही. जवळपास ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि वरून फॉन्टचं मराठी सोंग. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता चिन्हांचा कचरा. म्हणून फॉन्ट पानाबरोबरच पाठवायची युक्ती निघाली. आता हिशेब करा. 56 केबीपीएसचा मोडेम उत्तम चालला तरी सेकंदाला 7 केबी आणतो. 500 शब्दांचा मराठी लेख तीन-तीन बाइटांनी लिहिला तरी 9-10 केबीचा, म्हणजे दीड सेकंदाचा. फॉन्ट 150 केबीचा असेल, तर त्यालाच 21 सेकंद. कापूस मूठभर, गाडीच जड!

विंडोज 2000सोबत ‘मंगल’ फॉन्ट आला आणि अक्षरं वाचकाच्या घरीच राहू लागली. मग साधे मोबाइल आले, त्यांतल्या अनेकांत देवनागरी नव्हतीच. ऑपेरा मिनीच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरून अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट चालू करायचा, की मराठी दिसायची, पण चित्र म्हणून. डेटा जास्त खायची. तेव्हा ज्यांनी हे केलं, त्यांना ते सेटिंग अजून आठवत असेल.

त्या तीन बाइटांची एक गंमत आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. खरी ओळख असते ती तिसऱ्यात. सर्व्हरवर जीझिप चालू असेल, तर ही पुनरावृत्ती दाबली जाते आणि इंग्रजीशी असलेला फरक बराच बुजतो. आरोपातली हवा इथेच निघते.

मग वेळ जातो कुठे? याहूमध्ये काम करणाऱ्या स्टीव्ह साउडर्सने 2007च्या पुस्तकात मांडलं होतं, की वाचकाच्या प्रतीक्षेतला 80 ते 90 टक्के वेळ मूळ एचटीएमएल येऊन पोचल्यानंतरचा असतो. चित्रं, स्क्रिप्ट, जाहिराती यांचा. त्यात आपण हौसेने पुन्हा वेबफॉन्ट पाठवतो, फोनमध्ये देवनागरी असतानाही. तो जोडाक्षरांमुळे मुळात जड. बारीक करायला म्हणून कुणी अंदाजाने चिन्हं छाटली, की पहिला बळी वऱ्हाडातल्या ‘ऱ्ह’चा.

मोजमापाचं मला जास्त खुपतं. 2020मध्ये गूगलने ठरवलं, की पानातला मुख्य भाग 2.5 सेकंदांत दिसावा, आणि 100पैकी 75 भेटींत तसं झालं की पान पास. उरलेले 25 कोण? यूट्यूबचा क्रिस झकरायस याने लिहिलेला किस्सा इथे सांगायलाच हवा. 2009च्या सुमारास त्याने 1.2 एमबीचं व्हिडिओचं पान 100 केबीच्या आत आणलं आणि सरासरी वेळ उलट वाढली! चक्रावून त्याने नकाशा पाहिला. आग्नेय आशिया, आफ्रिका, सायबेरियातून नवे लोक येत होते. जुनं पान उघडायला त्यांना वीस मिनिटं लागायची, म्हणून ते आकडेवारीत कधी आलेच नव्हते. आता दोन मिनिटांत काम होत होतं.

तेल्हाऱ्याकडच्या एखाद्या गावात तुरीचा भाव बघायला पान उघडणारा माणूस कंटाळून ते बंद करतो, तेव्हा बहुतेकदा मोजणारी स्क्रिप्टसुद्धा उतरलेली नसते. म्हणून मी दोन गोष्टी करतो. मोजणीची ओळ पानात सगळ्यात वर आणि छोटी ठेवतो, आणि कमी रॅमच्या फोनांचा गट सरासरीत न मिसळता वेगळा काढतो. त्या गटाचा आलेख मीटिंगमध्ये दाखवला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हे लोक आपले ग्राहक आहेत का?’